चहापेक्षा किटली गरम

मराठी समीक्षेत, आणि त्याहूनही अधिक मराठीच्या वर्गात, एका शब्दाने गेली कित्येक वर्षे फार मोठी सोय करून ठेवली आहे. तो शब्द म्हणजे 'प्रतीक'. कवितेत पक्षी आला की तो स्वातंत्र्याचे प्रतीक, दिवा आला की ज्ञानाचे, नदी आली की जीवनप्रवाहाचे. प्रतीक एकदा 'ओळखले' की कविता समजली असे धरून पुढच्या कवितेकडे वळायला आपण मोकळे. ह्या सोयीविरुद्ध हे टिपण आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : वस्तूच्या किंवा शब्दाच्या गळ्यात अर्थाची चिठ्ठी बांधणे ही समीक्षा नव्हे, ती दुकानदारी आहे, आणि ही दुकानदारी आपण जितकी सवयीने करतो तितकी बाजारातले दुकानदारही करत नसतील.

बाजाराचा उल्लेख निष्कारण केलेला नाही. निमित्त एका वस्तूचे आहे. जपानी पद्धतीची, ओतीव लोखंडाची, काळी किंवा निळसर करडी, अंगावर बारीक फोडांची नक्षी किंवा कासव-करकोचा-पाईन अशी चित्रे असलेली चहाची किटली आता आपल्याकडे अनोळखी राहिलेली नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या काशीगावात, जिथे एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि आदिवासींचे पाडे आहेत व दुसऱ्या अंगाला नवे टॉवर उभे राहत आहेत, तिथल्या दिवाणखान्यांच्या काचेच्या कपाटांतही ती दिसते. किटली कुणी कपाटात ठेवावी ह्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती तिच्याबरोबर खोक्यात येणाऱ्या छोट्या कार्डाविषयी. अशा कार्डांचा मजकूर साधारण ठरलेला असतो : कासव म्हणजे दीर्घायुष्य, करकोचा म्हणजे सौभाग्य, पाईन म्हणजे चिकाटी. मराठीच्या शिक्षकाने हे कार्ड वाचले तर त्याला आपल्याच उत्तरपत्रिकेतले वाक्य वाचल्यासारखे वाटेल.

आता कार्ड बाजूला ठेवून किटली पाहू. तिचे नाव तेत्सुबिन. तिचे सर्वांत प्रसिद्ध घराणे ईशान्य जपानमधल्या इवाते प्रांतातले, 'नाम्बु तेक्की' ह्या नावाने ओळखले जाणारे. सतराव्या शतकात मोरिओकाच्या नाम्बु सरदारांनी क्योतोहून ओतारी बोलावले आणि चहाविधीसाठी लागणारी लोखंडी भांडी ओतून घ्यायला सुरुवात केली. विधीतल्या मूळ भांड्याला 'कामा' म्हणतात. त्याला तोटी नसते. पाणी बांबूच्या पळीने काढतात. ह्या कामाला अठराव्या शतकात तोटी आणि कडी जोडली गेली आणि रोजच्या वापराचे तेत्सुबिन तयार झाले. १९७५ साली जपानी शासनाने नाम्बु लोखंडकामाला पारंपरिक हस्तकलेचा अधिकृत दर्जा दिला.

ह्या भांड्यात चहाची पत्ती कधीच पडत नाही. तेत्सुबिनमध्ये फक्त पाणी उकळायचे. चहा वेगळ्या भांड्यात. ते 'किटली' ह्या शब्दाने आपण मराठीत आणतो तेव्हाच पहिला घोटाळा होतो. आपली किटली म्हणजे टपरीवरच्या पोऱ्याच्या हातातली ॲल्युमिनियमची. तिच्यात पाणी उकळत नाही, पातेल्यात उकळून तयार झालेला चहा तिच्यातून फिरतो. इंग्रजी शब्द मराठीत आला आणि त्याने काम बदलले. त्याच बदललेल्या कामातून 'चहापेक्षा किटली गरम' ही आपली म्हण निघाली : मूळ मालापेक्षा तो वाहून नेणाऱ्याचाच ताव अधिक. शब्दाचा अर्थ त्याच्या कामात असतो, कोशातल्या समीकरणात नसतो, ह्याचे इतके घरगुती उदाहरण दुसरे मिळणार नाही.

दुसरा घोटाळा अधिक गंभीर आहे. तेत्सुबिन म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे तेत्सुबिन नसतेच. आतून काचेसारखा गुळगुळीत एनॅमलचा लेप दिलेली ती चहा मुरवायची भांडी असतात. ती विस्तवावर ठेवायची नसतात. खऱ्या तेत्सुबिनचे पोट उघडे लोखंड असते. ओतल्यानंतर ते निखाऱ्यात लाल होईपर्यंत भाजतात, त्यामुळे आतल्या बाजूला गंज रोखणारी प्राणिदाची एक साय धरते. पुढे रोज पाणी उकळून उकळून तळाशी पांढरट क्षारांचा थर बसतो. तो घासायचा नसतो. तोच भांड्याला जपतो. एनॅमलच्या भांड्याला ह्यातले काही घडत नाही. बाहेर कासव तेच, पाईन तीच. आत मात्र पाणी आणि लोखंड ह्यांचा संबंध कायमचा तोडलेला. चिन्ह शिल्लक आहे, काम गेले आहे. कार्डाची गरज नेमकी इथे निर्माण होते. जे भांडे उकळत नाही त्याला स्वतःविषयी बोलण्यासाठी चिठ्ठी लागते.

आता कासवाकडे येऊ. करकोचा हजार वर्षे जगतो आणि कासव दहा हजार, अशी जपानी म्हणच आहे. तेव्हा कार्ड खोटे बोलत नाही. पण जपानी चित्रकारीतल्या ह्या कासवाला पुष्कळदा मागे शेपटासारखी शेवाळाची लांब झालर असते. त्याला 'मिनोगामे' म्हणतात. मिनो म्हणजे शेतकरी पावसात पांघरतो ते गवताचे इरले. इतकी वर्षे पाण्यात राहिले की अंगावर शेवाळ वाढले, आणि ते शेवाळ इरल्यासारखे दिसते. म्हणजे ज्याने हे कासव पहिल्यांदा रेखले त्याच्या डोळ्यांपुढे 'दीर्घायुष्य' ही भाववाचक संज्ञा नव्हती. भातखाचरात वाकलेला, इरले पांघरलेला माणूस होता. ठाणे-पालघरच्या भातशेतीत इरले पाहिलेल्या वाचकाला हे कासव कार्डाशिवाय अधिक कळेल. 'दीर्घायुष्य' ह्या एका शब्दात पाऊस, खाचर आणि इरले तिन्ही वाहून जातात.

हेच कासव मराठीत आणले तर कार्डाची आणखी पंचाईत होते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आणि त्यावरच्या ज्ञानेश्वरांच्या विवरणात कासव अवयव आत ओढून घेते. तिथे ते इंद्रियनिग्रहाचा दृष्टान्त आहे. संतांच्या वाणीत दुसरे एक कासव येते, जे पिलांना दूध देत नाही, नुसत्या नजरेने पोसते. तिथे ते गुरूच्या किंवा विठाईच्या कृपेविषयी बोलते. पहिले कासव डोळे आत वळवते, दुसऱ्याचे सारे वात्सल्य डोळ्यांतून बाहेर येते. देवळाच्या सभामंडपातले दगडी कासव तिसरे. गाभाऱ्याकडे जाताना आपण त्याला हात लावतो. आणि फेंगशुईच्या दुकानातून आलेले, पाण्याच्या बशीत ठेवलेले धातूचे कासव चौथे. त्याच्याकडून पैशाची अपेक्षा असते. प्राणी एक, कामे चार. 'कासव कशाचे प्रतीक आहे?' हा प्रश्न ह्यांपैकी कुणाला विचारायचा? उत्तर प्रत्येक वेळी त्या ओवीत, त्या मंडपात, त्या घरात काय चालले आहे त्यावरून ठरते. प्रश्नातच चूक आहे. उत्तर कितीही सुधारले तरी ती जात नाही.

पाईनचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. चहाविधीत कामातले पाणी उकळू लागले की जो बारीक, घुमणारा आवाज येतो त्याला 'मात्सुकाझे' म्हणजे पाईनमधला वारा असे नाव आहे. तो आवाज यावा म्हणून भांड्याच्या तळाशी आतून लोखंडाचे तुकडे चिकटवण्याची रीत आहे. ओकाकुरा काकुझो ह्यांनी १९०६ साली इंग्रजीत लिहिलेल्या चहाविषयक पुस्तकात ह्या गाणाऱ्या भांड्याचे वर्णन केले आहे. हे तेच ओकाकुरा, जे १९०१-०२ मध्ये भारतात येऊन विवेकानंदांना आणि ठाकूर कुटुंबीयांना भेटले होते. आता विचार करा : बाहेर कोरलेली पाईन कुणालाही दिसते आणि कार्डावर तिचा अर्थही छापलेला असतो. पण दुसरी पाईन भांड्याच्या पोटात आहे. ती दिसत नाही, ऐकू येते. तीही पाणी असेल, विस्तव असेल आणि जवळ बसून गप्प राहणारा कुणी असेल तरच. काचेच्या कपाटात ही दुसरी पाईन मुकी असते.

काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे वेगळे सांगायला नको. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने काव्यातल्या व्यंग्य अर्थाला 'ध्वनी' हेच नाव दिले आणि त्याच्या एका प्रकाराची तुलना घंटेच्या अनुरणनाशी केली. घणाघात संपल्यावर मागे घुमत राहतो तो नाद. तो घंटेवर कोरता येत नाही, घंटा वाजवावी लागते. आपण ध्वनिसिद्धान्त परीक्षेसाठी शिकवतो आणि पुढच्याच तासाला कवितेवर कोरलेल्या आकृत्यांची यादी फळ्यावर लिहितो. एकाच महाविद्यालयात, अनेकदा एकाच शिक्षकाकडून, दोन्ही घडते. आणि त्यातली विसंगती आपल्याला खटकत नाही.

आनंदवर्धनाचा आणखी एक निकष इथे उपयोगी आहे. खरा अलंकार 'अपृथग्यत्ननिर्वर्त्य' असावा, म्हणजे रसाच्या ओघात सहज घडावा, त्यासाठी कवीला निराळा प्रयत्न करावा लागू नये. तेत्सुबिनवरच्या फोडांची नक्षी, जिला जपानीत 'आरारे' म्हणजे गारा म्हणतात, ती तयार भांड्यावर नंतर उठवत नाहीत. मातीचा साचा ओला असताना त्याच्या आतल्या अंगावर एकेक टिंब दाबून घेतात, मग लोखंड ओततात. भांडे आणि गारा एकाच ओतीतून जन्माला येतात. श्रम भरपूर आहेत, पण ते भांड्यापासून निराळे नाहीत. आपल्याकडे पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी हीच गोष्ट हातोडीने सांगते. तांब्याच्या घंगाळावर किंवा बंबावर मठारकामाचे जे चकाकते ठोके दिसतात ते शोभेसाठी मागाहून मारलेले नसतात; ठोक्यांनी तांबे कठीण होते, भांड्याला बळ येते. शोभा आणि बळ एकाच ठोक्यात. आनंद कुमारस्वामी ह्यांनी १९३९ साली अलंकरणावरच्या निबंधात हेच प्रतिपादन केले होते : अलंकार म्हणजे वरून लावलेला दागिना नव्हे, वस्तू आपल्या कामास पुरी पडावी म्हणून तिला दिलेली पूर्तता. 'अलम्' म्हणजे पुरेसे.

मग कवितेतली प्रतिमा आपण मागाहून चिकटवलेल्या दागिन्यासारखी का सोलून काढतो? मर्ढेकरांच्या पिपातल्या उंदरांचे आपण काय केले ते पाहा. 'उंदीर हे यंत्रयुगातल्या मानवाचे प्रतीक' हे वाक्य मार्गदर्शकातून वहीत, वहीतून उत्तरपत्रिकेत आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या डोक्यातून पुन्हा मार्गदर्शकात असे फिरते आहे. वाक्य सर्वस्वी चूक नाही. पण त्या वाक्यात पीप कुठे आहे? ती ओल कुठे आहे? उंदरांच्या जागी मुंग्या आल्या असत्या तरी हे वाक्य जसेच्या तसे चालले असते, आणि जे वाक्य कोणत्याही प्राण्याला चालते ते ह्या कवितेविषयी काहीच सांगत नाही. ज्या कवीने समीक्षक म्हणून 'भावनानिष्ठ समतानता' ही संज्ञा घडवली, प्रतिमेचे नाते कल्पनेच्या साम्याशी नसून भावनेच्या साम्याशी असते असे बजावले, त्याच्याच कवितेला आपण समीकरणात बसवले. ह्याला वाचन म्हणत नाहीत. ही चहापेक्षा गरम झालेली किटली आहे.

ह्यात खरोखर कुणाचे नुकसान होते? कविता वाचली काय आणि तिचे समीकरण पाठ केले काय, गुण मिळाल्याशी मतलब, असे कुणी म्हणेल. म्हणून पुन्हा काशीगावाकडे येतो. इथल्या पाड्यांवर वारली आणि अन्य आदिवासी कुटुंबे टॉवरांच्या कितीतरी आधीपासून राहतात. वारली चित्रे आता इमारतींच्या भिंतींवर, कपांवर, पिशव्यांवर सर्वत्र आहेत, आणि त्यांच्याबरोबरही एक कार्ड फिरते : वर्तुळ म्हणजे सूर्य-चंद्र, त्रिकोण म्हणजे डोंगर, चौकोन म्हणजे पवित्र जागा. वारली लग्नातला चौक मात्र असा नसतो. सवाशिणी तांदळाच्या पिठाने तो भिंतीवर लिहितात, त्यात पालघट देवी बसते, धवलेरी गाणी म्हणते, लग्न लागते. चित्र, गाणे आणि लग्न एकमेकांपासून सुटे नाहीत. ज्या मुलीने हा चौक घरी लिहिताना पाहिला आहे, ती वर्गात बसते आणि तिला चित्रकलेच्या धड्यात सांगितले जाते की त्रिकोण म्हणजे डोंगर. तिला जे ठाऊक आहे त्याला ह्या तक्त्यात रकाना नाही. जे ठाऊक नसलेल्यांसाठी बनवले आहे ते तिने पाठ करायचे, आणि त्यावरून तिची 'समज' तपासली जायची. प्रतीकांच्या तक्त्याने कवितेचे नुकसान होते हे खरे. पण ज्याच्याकडे अनुभव आहे त्यालाच अडाणी ठरवणे, हे त्याचे अधिक मोठे पातक आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की मी शुद्धतेचा आग्रह धरतो आहे. वस्तू आणि चिन्हे प्रवास करणारच. मान्य. किंबहुना माझा आग्रह उलट आहे. जिव्या सोमा म्हसे ह्यांनी सवाशिणींच्या भिंतीवरची रेषा कागदावर आणली, पुरुष असून आणली, आणि तिच्यात स्वतःचे जाळे, वारुळे, गाड्या, गर्दी भरली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जपानमध्ये नीगाता प्रांतातल्या तोकामाचीच्या मिथिला संग्रहालयात त्यांनी आणि इतर वारली चित्रकारांनी राहून कामे केली. रेषा तलासरी-डहाणूकडून जपानच्या बर्फाळ मुलुखात गेली आणि जिवंत राहिली, कारण तिथे ती काम करत होती. जागा बदलल्याने चिन्ह मरत नाही. काम थांबल्याने मरते. शिवाय जपानमध्येही किटली कधी निव्वळ साधीसुधी राहिली नाही. एकोणिसाव्या शतकात क्योतोच्या र्‍यूबुंदो कारखान्यासारख्या ठिकाणी अतिशय नखरेल, चांदी-सोने जडवलेल्या किटल्या होत होत्याच. शोभा हा गुन्हा नाही.

दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. संकेत ही वस्तुस्थिती आहे. जपानी हायकूतसुद्धा ऋतुसूचक शब्द ठरलेले असतात आणि त्यांचे कोश असतात. शिरीष पै (१९२९-२०१७) ह्यांच्यामुळे मराठीत रुजलेला हायकू वाचणाऱ्याला हे माहीत असतेच. मग आमच्या प्रतीकांच्या यादीनेच काय घोडे मारले? फरक असा की 'सैजिकी' नावाचा तो कोश शब्द ऋतूप्रमाणे लावतो आणि त्या शब्दाखाली हायकू ठेवतो. बेडूक म्हणजे अमुक, असे समीकरण तो देत नाही. बेडूक वसंतातला, आणि पूर्वी कुणीकुणी त्याला कसे ऐकले, हे दाखवतो. तो वाचकाला कवितेकडे ढकलतो. आमची यादी वाचकाला कवितेतून बाहेर काढते. संकेत शिकवावेत, पण संकेत म्हणजे आधीच्या वापरांची आठवण, अर्थाची पावती नव्हे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा : वर्गात शंभर मुले, अभ्यासक्रम लांब, परीक्षा डोक्यावर, 'प्रतीक ओळखा' हा प्रश्न निदान तपासता तरी येतो. ह्या अडचणीची थट्टा करण्याचा मला अधिकार नाही. पण प्रश्न बदलायला जास्त वेळ लागत नाही. 'कासव कशाचे प्रतीक आहे?' ह्याऐवजी 'इथे कासव काय करते?' असे विचारता येते. 'कासवाच्या जागी ससा घातला तर ओवीतले काय बिघडेल?' असे विचारता येते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकात छापून ठेवता येते, ह्या दोहोंचे येत नाही; त्यांसाठी ओवी उघडावी लागते. तपासायला हे अवघड जाईल, शंभरांपैकी वीस उत्तरे अनपेक्षित निघतील, आणि त्यातली पाच तपासणाऱ्याला काही शिकवून जातील. हा दोष असेल तर तो मराठी विषयाला परवडणारा दोष आहे.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मंडळींना म्हणून एकच विनंती आहे. येत्या परीक्षेत 'प्रतीक' हा शब्द एक वर्ष न वापरता कवितेवरचे प्रश्न काढून पाहावेत. ज्या कवितेवर तसा एकही प्रश्न सुचणार नाही, ती कविता आपण आजवर शिकवत होतो की तिच्या गळ्यातले कार्ड वाचून दाखवत होतो, हे त्या दिवशी आपोआप कळेल.